बादलीतून आलेला ओटीपी

फुकट म्हटलं की गर्दी होते, हा एक गैरसमज आहे. मी तो तपासून पाहिलेला आहे. वाचनालयाच्या दारावर मी ठळक अक्षरांत कागद चिकटवला होता : ‘मोबाइल व इंटरनेटचा सुरक्षित वापर. वर्ग रोज दुपारी चार ते पाच. शुल्क नाही.’ पहिल्या दिवशी तीन जण आले. एक जण एरवी बंद असणारं वाचनालय आज उघडं का, हे बघायला आला होता. दुसरा पंख्याखाली बसायला आला होता आणि पंखा बंद आहे हे कळल्यावर जणू मीच तो बिघडवला अशा नजरेने माझ्याकडे बघून गेला. तिसरी होती शिवणवाली. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता.

झालं होतं असं. गावात सरकारी सेवा केंद्र निघणार होतं. दाखले, अर्ज, नोंदी, सगळं संगणकावर. केंद्र चालवायला गावातलीच व्यक्ती हवी होती आणि अट एकच होती. त्या व्यक्तीने गावातल्या वीस जणांना मोबाइल साक्षरतेची परीक्षा पास करवून दाखवायची, तीही महिनाअखेरच्या आत. मग एक साहेब येऊन वीसही जणांची समक्ष पडताळणी करणार. एकोणीस भरले तर केंद्र शेजारच्या गावाला.

शिवणवालीला ते काम हवं होतं. तयार कपडे आल्यापासून तिच्या मशीनखाली नवं कापड क्वचितच यायचं. “पँटी आखूड करता करता माझंच आयुष्य आखूड होतंय, ताई,” वहिनीच्या पडद्यांची मापं घेताना ती म्हणाली. आणि मी म्हणून गेले, “भर अर्ज. वीस माणसं मी शिकवते. होईल तुझं.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून उमगलेलं नाही. मी एकतीस वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली. ‘हे पाणी शुद्ध आहे’ असं मी एकदाही लिहिलेलं नाही. आम्ही लिहायचो, ‘तपासलेल्या नमुन्यात दोष आढळला नाही.’ म्हणजे या बाटलीपुरतं ठीक आहे, बाटलीबाहेरचं तुमचं तुम्ही बघा. अशी मी, निवृत्त होऊन भावाकडे राहायला आल्यावर तिसऱ्याच महिन्यात एका बाईला ‘होईल’ म्हणून बसले. आणि त्या बाईने त्या एका शब्दावर शाळेच्या गणवेशांचं काम, वर्षातलं एकमेव मोठं काम, दुसऱ्या शिंप्याला सोडून दिलं. हे मला वर्गाच्या पहिल्या दिवशी कळलं. फळ्यावर तारीख लिहायची होती, ती लिहिली.

गावाला मात्र माझा संशय यायला लागला होता. बातम्या वहिनीमार्फत जेवणाच्या वेळी यायच्या.

“वन्सं, लोक म्हणतात तुम्ही विजेच्या मीटरवाल्यांच्या आहात.”

“मी पाण्याच्या खात्यात होते.”

“तेच. म्हणजे पाण्याला मीटर बसवणार, असं म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी मी जमीन मोजायला आले होते, तिसऱ्या दिवशी मतं फिरवायला, आणि चौथ्या दिवशी न चिकटणारी भांडी विकायला. भांड्यांचा तर्क मला त्यातल्या त्यात सन्मानाचा वाटला.

शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतात. छत्तीस वर्षं पत्रं वाटल्यामुळे गावात कुणाचं कुणाशी पटत नाही हे त्यांना पाकिटाच्या जाडीवरून माहीत आहे. ते कुंपणाशी उभे राहून म्हणाले, “मॅडम, राग मानू नका. पण ज्या पाकिटाला तिकीट नसायचं ना, ते मी आधी कानाशी हलवून बघायचो.”

“मग? काय सापडायचं?”

“काही नाही. पण हलवल्याशिवाय कसं कळणार?”

प्रयोगशाळेत मी हेच केलं होतं.

मार्ग शिवणवालीने काढला. शिकायला या, असं ती कुणालाच म्हणाली नाही. ती घरोघरी गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “त्या बाई रोज चार वाजता वाचनालयात काहीतरी करतात. एकट्याच असतात. कुणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे.” दुसऱ्या दिवशी एकवीस माणसं लक्ष ठेवायला आली. गिरणीवाली पिठाच्या हातांनी आली, पोस्टमन पुढच्या बाकावर चष्मा पुसून बसले, आणि एक आजोबा तर वही घेऊन आले व मी बोललेलं प्रत्येक वाक्य पुरावा म्हणून लिहून घेऊ लागले. मी आयुष्यात कधी इतके एकाग्र विद्यार्थी पाहिले नाहीत. सगळ्या शाळांनी मुलांना शिकायला न बोलावता मास्तरांवर पाळत ठेवायला बोलवावं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

पहिला धडा मी ओटीपीचा घेतला. कुठलंही काम पक्कं करण्याआधी फोनवर सहा आकड्यांचा एक क्रमांक येतो, तो पाच मिनिटं जगतो आणि तेवढ्यात तो ज्याच्या हाती लागेल त्याचं काम होतं, चोराचंसुद्धा. “म्हणून हा क्रमांक कुणालाही सांगायचा नाही,” मी म्हटलं. “साहेबाला नाही, नातलगाला नाही, मलासुद्धा नाही.”

मग गिरणीवाली म्हणाली, “आणि टाकीवाल्याला?”

“टाकीवाल्याला कशाला सांगाल?”

“आम्ही कशाला सांगू? तोच आम्हाला सांगतो.”

तेव्हा मला गावातली व्यवस्था कळली. गावाभोवती टेकड्या आहेत, त्यामुळे फोनला रेंज नाही. रेंज आहे ती एकाच ठिकाणी, पाण्याच्या उंच टाकीच्या माथ्यावर. तिथे पंप चालवणारे टाकीवाले काका दिवसभर बसलेले असतात. रोज सकाळी गाव आपापले फोन कापडात गुंडाळून एका बादलीत ठेवतं. काका दोरीने बादली वर ओढतात, फोन कठड्यावर ओळीने मांडतात, आणि संदेश आला की खाली वाकून ओरडतात, “गिरणीवाली! चार, सात, सात, एक, नऊ, दोन! लवकर!” मग गिरणीवाली दारात थांबलेल्या गॅसवाल्याकडे पळते. गावात कुणाचा गॅस कधी संपला आणि कुणाच्या मुलाने कुठल्या परीक्षेचा अर्ज भरला, हे सगळं चौकात ऐकू येतं.

मी त्याच संध्याकाळी टाकीखाली गेले.

“हे बेकायदेशीर आहे,” मी म्हटलं.

“काय?”

“दुसऱ्याचे संदेश वाचणं.”

“वाचतो कुठे? नोंद करतो.” त्यांनी दोरीने बादली खाली सोडली. बादलीत एक जाड वही होती. आवक नोंदवही. अनुक्रमांक, दिनांक, कोणाचा, कुठून, मजकूर, शेरा. मजकुराच्या रकान्यात सहा-सहा आकडे, वळणदार अक्षरात, पानामागून पान. शेऱ्यात ‘पोचला’ किंवा ‘उशीर’. नोकरीला लागताना त्यांना सांगितलं होतं, येणाऱ्या प्रत्येक कागदाची आवक करायची. एकोणीस वर्षांत एकही कागद आला नाही. मग फोन आले.

“अहो, पण हे आकडे पाच मिनिटांत मरतात. मेलेल्यांची नोंद कशाला?”

“बाई,” वरून आवाज आला, “जन्ममृत्यूची नोंद ठेवतातच की.”

उत्तर समर्पक होतं म्हणूनच मला त्यांचा जास्त संशय आला. प्रामाणिक माणूस इतक्या चटकन बोलत नाही. मी समोरच्या पारावर वही घेऊन निरीक्षणाला बसले. चार दिवस, रोज दोन तास. किती फोन वर गेले, किती खाली आले, किती हाका मारल्या. चौथ्या दिवशी वहिनी माझ्या ताटात वाढता वाढता थांबली.

“वन्सं, तुम्ही टाकीवाल्यांकडे बघत बसता म्हणे.”

“निरीक्षण करते आहे.”

“हो, तेच. रोज दोन तास, असं म्हणतात. विधुर आहेत ते.”

“वहिनी, मी एकोणसाठ वर्षांची आहे.”

“लोकांनी तेही सांगितलं,” वहिनी म्हणाली आणि वाटी पुढे सरकवली.

माझ्या निरीक्षणाच्या वहीतली आकडेवारी इथे देण्यात अर्थ नाही. सारांश इतकाच, की एकशे तेरा हाकांमध्ये एकही चुकीची नव्हती आणि संशयास्पद व्यक्ती एकच आढळली, ती म्हणजे मी.

तरी तत्त्व ते तत्त्व. मी वर्गात सगळ्यांना फोनला कुलूप घालायला शिकवलं. चार आकड्यांचा स्वतःचा क्रमांक, गुप्त. त्या संध्याकाळी गावात जे झालं त्याला मी सर्वस्वी जबाबदार आहे असं म्हणतात, आणि ते खरंही आहे. नवऱ्याने बायकोला विचारलं, कुलूप कशाला? बायकोने नवऱ्याला विचारलं, तू का घातलंस? एका सासूने सुनेच्या फोनला कुलूप पाहून स्वतःच्या फोनला दोन घातली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही विसरली. आणि सकाळी बादलीतून वर गेलेले एकवीसच्या एकवीस फोन कुलूपबंद निघाले.

टाकीवाले काका स्वतः खाली उतरले. एकोणीस वर्षांत ते दुपारच्या आत कधी उतरले नव्हते, म्हणून चौकात माणसं जमली.

“पाणी पाजतो मी या गावाला,” ते शांतपणे म्हणाले. “पाण्यात काही घातलं का कधी? नाही ना? पाण्याचा भरवसा आणि आकड्यांचा नाही?” त्यांनी बादली माझ्या पायाशी ठेवली. “ज्याचा आकडा त्याने चढून घ्यावा. चौसष्ट पायऱ्या आहेत. वर एका वेळी चौघंच. नियम आहे.”

पोस्टमन म्हणाले, “मी सांगत होतो. पत्रं बरी होती. पत्राला कुलूप लागत नाही.”

आता परीक्षेच्या नावनोंदणीला एकेका विद्यार्थ्याचा ओटीपी लागत होता. म्हणजे एकवीस आकडे. चढू शकणारी माणसं सहा. माझे गुडघे धरून साडेसहा. नऊ दिवस उरले होते. शिवणवालीने फक्त मशीनवरचं कापडी आवरण काढलं, मशीनकडे पाहिलं आणि पुन्हा घातलं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी टाकीखाली जाऊन माफी मागितली. काका म्हणाले, “तोंडी नको. अर्ज द्या.”

मी अर्ज लिहिला. विषय : दिलगिरीबाबत. मजकूर मी तीनदा खोडला, कारण ‘आपण प्रामाणिक आहात’ हे वाक्य लिहायला माझा हात धजेना. ते मी मोजलेलं नव्हतं. शेवटी लिहिलं, ‘आपल्या नोंदवहीची तपासणी केली असता दोष आढळला नाही.’ काकांनी अर्ज दोनदा वाचला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच जरा बऱ्या नजरेने पाहिलं. “पहिला खरा कागद आला,” ते म्हणाले आणि बादली दोरीला बांधू लागले.

बादली मिळाली, पण कुलूप होतंच. खाली उघडलेला फोन तीस सेकंदांत पुन्हा बंद व्हायचा आणि बादलीला वर जायला बावन्न सेकंद लागायचे. ही दहा मोजमापांची सरासरी आहे. मग सगळ्यांना फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुलपाची वेळ वाढवायला शिकवावं लागलं. हा धडा परीक्षेच्या पुस्तकात बाराव्या पानावर होता आणि मला वाटलं होतं, तो कुणाच्याही डोक्यावरून जाईल. पण गरज असली की माणूस काहीही शिकतो. गिरणीवालीने स्वतःचं करून दोन घरची करून दिली, अर्थात त्यांचे आकडे न बघता, तोंड फिरवून.

खरी अडचण पुढेच होती. नोंदणीचा अर्ज भरायचा माझ्या टॅबवर, आणि इंटरनेट टाकीवर, म्हणजे मी टाकीवर. ओटीपी फोनवर येणार तोही टाकीवर. फोनची मालकीण खाली. दुसऱ्याचे संदेश वाचायचे नाहीत हे माझंच तत्त्व, म्हणून मी वरून ओरडले, “फोन पाठवते, आकडा बघून मला सांगा!”

“नाही सांगणार!” खालून गिरणीवाली ओरडली.

“अहो, मी आहे!”

“तुम्हीच म्हणालात ना, तुम्हाला पण नाही!”

खाली उभ्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आजोबांनी वही उघडून वाक्य तारखेसकट वाचून दाखवलं. मी शिकवलेला धडा कुणीतरी इतका तंतोतंत पाळावा याचा आनंद घ्यायला ती जागा आणि ती उंची योग्य नव्हती.

तेव्हा मी पुढची पद्धत बसवली. आधी टॅबवर क्रमांक मागवायचा, फोनवर तो आला की फोन आणि टॅब दोन्ही बादलीत घालून खाली सोडायचे. मालकिणीने सगळ्यांकडे पाठ करून, पदराआड तो आकडा स्वतः टॅबमध्ये लिहायचा. बादली पुन्हा वर. मी बटण दाबायचं. सगळं मिळून तीन मिनिटं पन्नास सेकंद, आकड्याचं आयुष्य पाच मिनिटं. पोस्टमन खाली घड्याळ धरून उभे होते आणि दर अर्ध्या मिनिटाला, छत्तीस वर्षांच्या सवयीने, ‘डाक निघाली’, ‘डाक पोचली’ असं ओरडत होते. दोनदा आकडा वाटेतच मेला. काकांनी शेऱ्यात ‘उशीर’ लिहिलं. एकदा बादली माझ्या हातून निसटली तेव्हा माझ्या तोंडून जो शब्द गेला तो प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षांत उच्चारला नव्हता. रात्रीच्या जेवणाआधीच तो वहिनीपर्यंत पोचला होता. दोन दिवसांत एकवीस नोंदण्या झाल्या.

परीक्षा टॅबवर उतरवून घेऊन वाचनालयात झाली. बँकेतून फोन आला तर काय कराल? ओळखीच्या माणसाने अनोळखी नंबरवरून मदत मागितली तर काय कराल? सगळे प्रश्न संशयाचे होते आणि माझा वर्ग त्या विषयात जन्मतःच प्रवीण होता. वीस जण पास झाले. पोस्टमन एकटे नापास झाले, कारण त्यांनी वरती स्वतःचं नावच लिहिलं नव्हतं.

“का नाही लिहिलंत?”

“कुणाला माहीत, कुठे जातं ते,” ते म्हणाले.

म्हणजे मोजून वीस उरले. एकही कमी चालणार नव्हता.

शेवटच्या दिवशी अकरा वाजता मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले. काखेत बॅग, कपाळावर घाम, गळ्यात कार्ड. वाचनालयाच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, “मी पडताळणी अधिकारी. लाभार्थ्यांना बोलवा.”

वीस जण आले आणि ओट्यासमोर उभे राहिले.

“नाव सांगा,” साहेब गिरणीवालीला म्हणाले.

“कशाला?”

“पडताळणी करायची आहे.”

“तुम्ही कोण?”

“अहो, अधिकारी! हे कार्ड.”

गिरणीवालीने कार्ड हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, परत दिलं. “कार्ड काय, कुणीही छापतं.”

“मग कार्यालयात फोन करून विचारा! हा घ्या नंबर.”

“समोरच्याने दिलेल्या नंबरवर फोन करायचा नसतो,” वीस जण एकदम म्हणाले. सुरात म्हणाले. पाढे म्हणावेत तसे.

साहेब माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. यांना सांगा, मी खरा आहे म्हणून.”

सगळे माझ्याकडे बघत होते. शिवणवाली दाराशी उभी होती. तिच्या हातात अर्जाची फाइल होती आणि तिने ती दोन्ही हातांनी धरली होती. मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. वीस नावं, वीस सह्या, संपलं. मी तोंड उघडलं.

“ताई,” शिवणवालीने हळूच विचारलं, “तुम्ही यांना आधी पाहिलंय?”

“नाही.”

“मग नका सांगू,” ती म्हणाली.

सगळं गमावू शकणारी एकमेव व्यक्ती तीच होती, आणि तिनेच मला अडवलं. मी तोंड मिटलं. साहेबांनी पेन काढलं. “ठीक आहे. मी लिहितो, ‘लाभार्थी सहकार्य करत नाहीत.’ केंद्र जाईल दुसरीकडे.”

ओट्यासमोर कुणी हललं नाही. शिवणवाली पुढे आली आणि साहेबांसमोर बसली.

“साहेब, चहा घेता? घाई आहे का तुम्हाला?”

मला तेव्हा कळलं ती काय करते आहे. फसवणारा माणूस नेहमी घाई करतो, हे मी वर्गात सांगितलं होतं. पण घाई न करणारा कसा ओळखायचा, हे काही मी शिकवलं नव्हतं.

“घाई कसली?” साहेब म्हणाले आणि पेन बाजूला ठेवलं. “पाचपर्यंत मी इथेच. लवकर परत गेलो तर दुसरं काम गळ्यात मारतात.”

गर्दीत कुजबुज झाली. गिरणीवाली एक पाऊल पुढे आली. शिवणवालीने फाइल उघडून अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. “बघा ना, बरोबर भरलाय का.”

साहेबांनी चष्मा लावला. अर्ज उजेडात धरला. मग म्हणाले, “फोटोतली पार्श्वभूमी पांढरी पाहिजे. ही मळकट दिसते.”

“भिंतच तशी आहे, साहेब.”

“आणि हे तीन प्रतींत पाहिजे. तुम्ही दोन दिल्यात.”

“जाहिरातीत दोन लिहिलंय.”

“हो, एक तुमच्याकडे ठेवायला. म्हणजे तीन.” त्यांनी पान उलटलं. “शिवाय हा नमुना जुना आहे. आता नवा नमुना निघालाय.”

“तो कुठे मिळेल?”

“अजून आमच्याकडेही आलेला नाही.”

ओट्यासमोरून एक दीर्घ सुस्कारा उठला. आजोबांनी वही मिटली. गिरणीवालीने पिठाचे हात पदराला पुसले आणि जाहीर केलं, “खरा आहे! एवढं खोट्याला सुचत नाही.”

मग मात्र रांग लागली. नावं, वयं, सह्या, सगळं धडाधड झालं. माणसं न विचारता वडिलांचं नावही सांगू लागली. पोस्टमनही पुढे आले आणि म्हणाले, “माझंही नाव लिहा, हवं तर,” पण तुम्ही नापास आहात, असं त्यांना सांगावं लागलं. वीस भरले.

शेवटी शिवणवालीचा अंगठा. साहेबांनी बॅगेतून ठशांचं लहान यंत्र काढलं. यंत्राने लाल दिवा लावला. दुसरं बोट, लाल. तिसरं, लाल. सुईची टोचणं, कात्रीचे घट्टे, चाळीस वर्षं कापड सरकवून गुळगुळीत झालेली टोकं. यंत्राच्या मते या बाईला बोटंच नव्हती.

“बोटं चालत नाहीत तुमची,” साहेब म्हणाले.

“चाळीस वर्षं चालली, साहेब.”

मी पुढे झाले. “डावी करंगळी ठेव. शिवताना ती कापडाला लागत नाही.” हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. वहिनीच्या पडद्यांच्या वेळी तिचे हात बघत होते, एवढंच. करंगळी ठेवली. यंत्राने विचार केला. पुन्हा पुसून ठेवली. दिवा हिरवा झाला.

“आणि नवा नमुना?” तिने विचारलं.

“तो आलेला नाही, म्हणजे जुनाच चालू आहे,” साहेब म्हणाले आणि शिक्का मारला. चहा मात्र पाच वाजेपर्यंत तीनदा घेतला.

सेवा केंद्र पुढच्याच महिन्यात वाचनालयातच सुरू झालं. सरकारने वाचनालयापुरती इंटरनेटची तार ओढून दिली, पंखा मात्र अजून तसाच आहे. बाकीच्या गावाला आकडे अजूनही बादलीतूनच येतात. पहिल्या आठवड्यात मी माझं निवृत्तिवेतनाचं काम घेऊन गेले. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं आणि ते आता संगणकावरून कळवतात. माझा नंबर तिसरा होता. खिडकीमागे शिवणवाली नव्या खुर्चीत ताठ बसली होती.

“ओळखपत्र?” ती म्हणाली.

“अगं, मी आहे!”

“तुम्ही आहात ते दिसतंय मला, ताई. पण तुम्ही तुम्हीच आहात, हे कागदावर पाहिजे.”

मागे कुणीतरी खोकलं. मी त्या बाईला अक्षरशः बोट धरून शिकवलं होतं, करंगळीसुद्धा मीच सुचवली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, अजिबात न हसता, माझ्या नावापुढे पेनाचं टोक ठेवून. मला राग यायला हवा होता. मी सगळा शोध घेतला, राग सापडला नाही.

“आणते घरून,” मी म्हटलं.

मागे उभे असलेले पोस्टमन लगेच म्हणाले, “मॅडम, जागा जाईल. पिशवी ठेवून जा ना जागेवर, मी बघतो.”

पिशवीत माझे कागद होते, चष्मा होता, फोन होता. मी पोस्टमनकडे पाहिलं. मग पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. परत आले तेव्हा माझा नंबर अकरावा होता.